ॲक्सिस अँड अलाइज १९४२ (दुसरी आवृत्ती): काही महिने खेळल्यानंतर

दुसऱ्या महायुद्धाचं पारडं नेमकं कुठे फिरलं यावर वाद घालण्याची हौस असेल, तर हा पट घेण्यासारखा आहे. डाव १९४२च्या वसंतात सुरू होतो. स्टालिनग्राड किंवा अल अलामेन अशा नावांची लढाई यात नाही. सगळं फिरतं ते उत्पन्नाच्या आकड्यांवर, म्हणजे आयपीसीवर (खेळातले पैसे). सुरुवातीला रशियाकडे २४, जर्मनीकडे ४१, ब्रिटनकडे ३१, जपानकडे ३० आणि अमेरिकेकडे ४२. थोडक्यात अक्षराष्ट्रं (जर्मनी, जपान) ७१ विरुद्ध दोस्त (रशिया, ब्रिटन, अमेरिका) ९७. एकूण १६८, त्यामुळे ८४ हा आकडा डोक्यात ठेवा. अक्षराष्ट्रं ८४च्या पुढे जाऊन एक-दोन फेऱ्या टिकली की दोस्तांचा डाव बहुतेक संपतच आला. नियमाप्रमाणे जिंकायला अक्षराष्ट्रांना १३ पैकी ९ शहरं लागतात आणि ६ आधीच हातात असतात. लेनिनग्राड आणि कलकत्ता बऱ्याचदा पडतात. खरी ओढाताण मॉस्को किंवा होनोलुलूसाठी.

नवे खेळाडू हमखास टँक घेत सुटतात. ३० आयपीसीत ५ टँक येतात आणि हल्ल्यात सरासरी अडीच मारे देतात. त्याच पैशात ६ पायदळ आणि ३ तोफा घेतल्या तरी अडीचच मारे, कारण प्रत्येक तोफ एका पायदळाचा हल्ला १वरून २वर नेते (फाशावर तो आकडा किंवा त्याहून कमी पडला की मारा लागतो). फरक असा की मार खायला ५ऐवजी ९ सोंगट्या असतात. बचावात १० पायदळ, तेही ३० आयपीसीचं, सरासरी ३.३३ मारे देतं. रशियाने पहिल्या फेरीत वेस्ट रशिया घ्यावा आणि नंतर पायदळाची भिंत बांधत जावं. टँक घ्यायचे ते दोन घरं चालतात म्हणून.

पूर्व आघाडीची ही झीज खेळात छान उतरली आहे. वेढा मात्र अजिबात नाही. १९ आणि २० नोव्हेंबर १९४२ला सोव्हिएत फौजांनी स्टालिनग्राडच्या दोन्ही बाजूंच्या रुमानियन सैन्यावर हल्ला चढवला आणि २३ तारखेला कलाचजवळ फास आवळला. आत अडकलेल्या जर्मन सहाव्या आर्मीला रोज किमान ३०० टन माल विमानाने हवा होता, पोचत होता सरासरी १०० टनांच्या आसपास. २ फेब्रुवारी १९४३ला सगळं आटोपलं. पटावर हेच सैन्य चारी बाजूंनी कोंडलं तरी पूर्ण ताकदीने लढत राहतं. यावर घरगुती नियम चालतो: जमिनीवरच्या प्रदेशातून मित्रप्रदेशाला किंवा मित्रांच्या समुद्राला वाट उरली नाही, तर तिथलं पायदळ बचावात २ऐवजी १वर मारतं. बेटांना हा नियम लावू नका, जपान विनाकारण मरतो.

तेलाचंही तसंच. १९४२च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी कॉकेशसमधलं तेलक्षेत्र मायकोप घेतलं तेव्हा विहिरी आधीच उद्ध्वस्त केलेल्या होत्या. खेळात कॉकेशस हातात आला की ४ आयपीसी लगेच जमा, आणि पुढच्या फेरीपासून तिथला कारखाना वर्षानुवर्षं आपलाच असल्यासारखा चालू.

समुद्र आवडणाऱ्यांचा हिरमोड होईल. विमानवाहू नौका १४ची, तिच्यावरची दोन लढाऊ विमानं २०ची. नौका बुडाली तर बचाव करणाऱ्याला विमानं एक घर सरकवून उतरवायची संधी मिळते, त्यामुळे शेजारी बेट असेल तर ती वाचतात. मिडवेला ४ जून १९४२ रोजी आकागी, कागा आणि सोर्यू या जपानी विमानवाहू नौकांवर बॉम्ब पडले तेव्हा हँगरमध्ये इंधन भरलेली, शस्त्रं चढवलेली विमानं उभी होती. हिर्यूही मग त्याच वाटेने गेली. ती घाई, ती वेळेची गफलत फाशांत येत नाही. अमेरिकनांनी जपानी गुप्त संदेश फोडले, ते तर नाहीच.

अटलांटिकबद्दल स्पष्टच बोलायला हवं. मे १९४३मध्ये ४१ जर्मन पाणबुड्या गेल्या आणि जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने बाकीच्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. पटावर पाणबुड्यांनी ब्रिटनचं उत्पन्न कापण्याची सोयच नाही, म्हणून हे वळण जवळपास गायब. उरतं ते इतकंच: वाहतूक नौकांना बचाव शून्य. अमेरिकेने युरोपात माणसं न्यायला ४ नौका जाणाऱ्या आणि ४ परतणाऱ्या ठेवल्या तर ५६ आयपीसी पाण्यावर असतात. सोबत एकही लढाऊ जहाज नसेल तर ६ आयपीसीची एक पाणबुडी एका घरातल्या सगळ्या बुडवते. ८ची एक विनाशिका प्रत्येक ताफ्यात ठेवाच.

भारत ३ आयपीसीचा, कारखाना आहे पण फेरीला तीनच सोंगट्या निघतात. ब्रिटनने ९ आयपीसी दर फेरीला इथे टाकले तरी जपान तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत दारात येतो. इंफाळ-कोहिमासारखा १९४४चा पलटवार घडवायचा असेल तर आफ्रिकेतून आणि रशियातून विमानं आणावी लागतात. भारतीय फौजेला वेगळा रंग नाही, सगळं ब्रिटिशांच्या खात्यात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पटावर त्या आघाडीला जागा असते ती ब्रिटनच्या उरल्यासुरल्या पैशांपुरती.

सामानाबद्दल: सोंगट्या लहान, पश्चिम युरोपात तोबा गर्दी. एकावर एक रचायला चकत्या आहेत, पण मोठा ढीग कोपराने पडला की हिशेब गेला. गर्दीच्या प्रदेशाचं सैन्य बाजूच्या कागदावर चौकोन आखून ठेवा, पटावर फक्त एक झेंडा सोंगटी. देशानुसार खणांचे प्लास्टिक डबे घेतले तर मांडामांड निम्म्या वेळात होते. पाच जणांपेक्षा दोघा-तिघांत डाव वेगाने जातो. रशियावाला एकटा असला तर तासन्‌तास नुसता बसून राहतो.

अनुभवी खेळाडूंत अक्षराष्ट्रांचं पारडं जड राहतं. म्हणून सुरुवातीला बोली लावा: दोस्त घ्यायला कोण कमीत कमी वाढीव आयपीसी मागतो ते पाहा. मिळालेल्या पैशांच्या सोंगट्या जिथे आपलं सैन्य आधीच आहे तिथेच ठेवायच्या, एका प्रदेशात एकच, नाहीतर सगळे पैसे एकाच हल्ल्यात घालून पहिल्याच फेरीत डाव कलतो.