शस्त्रक्रिया वॉर्डातील परिचर्या: दिवसपाळी चोख, रात्रपाळी तोकडी

वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही ज्या खासगी रुग्णालयात राहिलो, तेथील परिचर्येविषयी हा अभिप्राय आहे. खोली, जेवण, स्वच्छता यांबाबत तक्रार नाही आणि विशेष कौतुकही नाही.

प्रत्येक औषधाआधी सिस्टर वडिलांना पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारत, ती मनगटावरच्या पट्टीशी व औषधपत्रकाशी ताडून पाहत आणि मगच ट्रेला हात लावत. ‘सकाळपासून हीच आहे, तरी नाव विचारते,’ म्हणून वडील वैतागत. पण चेहरा ओळखीचा झाला की पट्टी पाहायची राहून जाते, हे त्या जाणून असाव्यात. इन्सुलिनची मात्रा तर दुसरी सिस्टर स्वतंत्रपणे तपासून सही करी.

एका संध्याकाळी डॉक्टरांनी रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या इंजेक्शनची मात्रा फोनवर सांगितली. नव्यानेच रुजू झालेल्या सिस्टरने ती लिहून घेतली, परत वाचून दाखवली आणि वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती काम करतात हे दाखवणारी रक्तातील पातळी) बरेच वाढले असताना हीच मात्रा द्यायची का, असे शांतपणे विचारले. मात्रा कमी झाली. इन्चार्ज सिस्टरांनी हा प्रसंग ‘थोडक्यात टळलेली चूक’ म्हणून नोंदवला, आम्हालाही सांगितला, आणि त्यावरून कोणी कोणावर डाफरल्याचे दिसले नाही. औषधाची जाण त्या मुलीची होती. वरिष्ठांना प्रश्न विचारण्याचे बळ मात्र तिला त्या वॉर्डाने दिले होते, आणि माझ्या लेखी या सेवेची खरी किंमत तेथेच आहे.

रात्री हे सारे विरळ होई. बेल वाजवून बराच वेळ कोणी येत नसे, कारण एकाच सिस्टरकडे जवळजवळ अर्धा वॉर्ड असे. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी तक्त्यावर होत्या खऱ्या, पण रात्रभराच्या सगळ्या सह्या एका बैठकीत केल्यासारख्या दिसत. टाचेवरचा लालसर डाग सकाळच्या पाळीच्या नजरेस आला, म्हणून एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम टळली. यात त्या सिस्टरला दोष देणे मला पटत नाही. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळली होती. माणसेच कमी असतील तर उत्तम प्रशिक्षणही पहाटेपर्यंत पुरत नाही, आणि चूक मोकळेपणाने नोंदवणाऱ्या व्यवस्थापनाला ही उणीव दिसत नसेल, असे वाटत नाही. लेखी तक्रारीवर ‘मनुष्यबळाचा विचार चालू आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

दिवसपाळीला पाचपैकी साडेचार, रात्रपाळीला दोन. नियोजित शस्त्रक्रियेसाठी येथे जरूर जावे. मात्र दाखल होण्यापूर्वी रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात ते विचारावे, आणि रुग्णाला स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर घरचे कोणीतरी रात्री जवळ ठेवावे.