कामगंध सापळे घेतले, पतंग भलतेच निघाले (५ पैकी ३ स्टार)

यंदा पाच एकर कपाशीला फनेलचे दहा सापळे आणले, एकरी दोन, तालुक्याच्या दुकानातून. २०१७ ला शेंदरी बोंडअळीने जे केलं ते बघितल्यावर आता रिस्क नकोच वाटते. लागवडीला दीड महिना झाला तसे शेंड्याच्या फूटभर वर टांगले, ल्यूर (मादी पतंगाच्या वासाचं आमिष) लावताना हाताला तंबाखूचा वास नको म्हणून गड्याला लांब ठेवलं आणि मीच लावले.

तिसऱ्याच दिवशी एकेका पिशवीत बारा-पंधरा पतंग! सलग तीन दिवस सापळ्यात रोजचे आठ आले की फवारायचं असा हिशोब असतो म्हणून मी पंप धुवायला घेतला, तेवढ्यात तात्यांनी एक पतंग तळहातावर घेतला आणि म्हणे, "हाऊ तो नही रे भो, हाऊ तर मोठा शे."

बरोबर होतं त्यांचं. पतंग चांगला बोटाच्या पेराएवढा, पिवळट तपकिरी, पुढच्या पंखावर मूत्रपिंडासारखा काळपट ठिपका, मागचे पंख फिकट आणि कडेला रुंद काळा पट्टा. म्हणजे हिरवी बोंडअळी, ती तर बीटी कपाशीत (झाडातच अळीला मारणारं विष असतं ती) सहसा मरते. फुलं तपासली तर एक डोमकळी (शेंदरी अळीमुळे पाकळ्या गुंडाळून न उमललेलं फूल) सापडली नाही. फुकट फवारणी झाली असती ना भाऊ.

दुकानदाराने ल्यूरच दुसरी दिली होती, पाकिटावरचं नाव पुसट, तारीख पण वाचता येत नाही. बदलून दिली पण वर "सगळं एकच असतं हो" म्हणाला, याचा एक स्टार कट.

नवीन ल्यूरवर मग खरा पाहुणा आला, शेंदरीचा पतंग. एवढासा, पंख मिटले तर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, राखाडी-तपकिरी, पुढच्या पंखावर वेडेवाकडे काळसर पट्टे, मागच्या पंखांच्या कडेला लांब केसांची झालर. हा दिवसा ढेकळाच्या फटीत नाहीतर पाचोळ्याखाली लपतो, रात्री उडतो, त्यामुळे सापळ्याशिवाय दिसायचाच नाही. आणि येतात ते फक्त नर बरं का, मादी बाहेरच अंडी घालत फिरते, म्हणून पिशवी रिकामी दिसली तरी आठवड्याला वीस बोंडं फोडून बघतोच.

दुसरा स्टार झाकणाचा, प्लास्टिक पातळ, वादळात दोन उडाली, एक शेजारच्या केळीत सापडलं. दुसरं अजून सापडलं नाही.