जुन्या लॅपटॉपचे ड्रायव्हर शोधताना ४८,९९७ रुपये गेले, तुम्ही तरी सावध रहा

आधी आकडे सांगतो. १,४९९ यूपीआयने, २,९९९ डेबिट कार्डाने, आणि नंतर मला न विचारता २४,९९९ आणि १९,५००. एकूण ४८,९९७ रुपये. आणि हे कशापायी, तर वायफायच्या एका ड्रायव्हरपायी (विंडोजला वायफायचा भाग चालवता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर), जो फुकट मिळतो.

लॅपटॉप २०१३ चा आहे, विंडोज ११ त्याच्यावर चढत नाही (त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, प्रोसेसरही जुना), म्हणून फॉरमॅट मारून विंडोज १०च परत टाकलं. टाकलं ते नीट झालं पण वायफाय गायब, आवाजही गायब. मग फोनवर मॉडेल नंबर टाकून शोधलं, सगळ्यात वर लॅपटॉप कंपनीचाच लोगो असलेली साइट आली. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं हे मला नंतर दिसलं, आणि कंपनीच्या नावाने खोट्या जाहिराती सर्रास चालू दिल्या जातात त्यात माझा काय दोष?

पण एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. त्या साइटवर पट्टी फिरली आणि आलं, 'तुमचा लॅपटॉप स्कॅन झाला, १७ ड्रायव्हर खराब'. अरे, साइट उघडली होती फोनवर! लॅपटॉपला तर नेटच नव्हतं! मग स्कॅन काय केलं त्यांनी? तिथेच थांबायला हवं होतं. पण रात्र झालेली, मुलीला सकाळी असाइनमेंट द्यायची, अशा वेळी माणूस जे समोर दिसेल ते धरतो. खाली टोल फ्री नंबर होता, तो लावला.

समोरचा अगदी सभ्य, हिंदीत 'सर, सर' करत बोलणारा. आधी १,४९९ ड्रायव्हर पॅकचे घेतले. मग म्हणाला फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल. लगेच नेट आलं. आता हे नीट वाचा, त्या क्षणी फक्त विंडोज अपडेट चालवलं असतं तर ड्रायव्हर आपोआप उतरला असता. नंतर माझ्या भाच्याने तेच केलं, ऑप्शनल अपडेटमध्ये वायफाय आणि साउंड दोन्ही मिळाले, एक रुपया न देता.

त्याने मात्र स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची आतल्या घडामोडींची नोंदवही) उघडून लाल फुल्या दाखवल्या (त्या चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही असतात), म्हणाला विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, लायसन्स रद्द होईल, २,९९९ भरा. सपोर्ट संपला हे खरं आहे, म्हणून तर पटलं. पण लायसन्सचा त्याच्याशी काही संबंध नाही, एकदा ॲक्टिव्हेट झालेल्या मशीनवर तीच एडिशन परत टाकली की नेट मिळाल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते, त्यासाठी लायसन्सचा कोड (key) विकत घेऊ नका. कार्ड नंबर मी टाकत होतो आणि तो बघत होता. 'पेमेंट व्हेरिफिकेशन'साठी तेच ॲप फोनवरही टाकायला लावलं. मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही, एकदाही नाही. त्याने तो माझ्या स्क्रीनवर वाचला.

आणि बँक काय म्हणते? 'ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय.' झालं, विषय संपला त्यांचा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर दाखवलं, त्यात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं काम बँकेचं आहे असं स्पष्ट लिहिलंय, तर शाखेतल्या साहेबांनी तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तर लागेना, लागला तेव्हा पैसे पुढच्या खात्यात गेलेले. पोलीस स्टेशनला गेलो तर 'हे आमच्याकडे नाही, सायबरला जा', सायबरला गेलो तर 'आधी तुमच्या पोलीस स्टेशनला जा, आणि बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा', बँकेत गेलो तर 'स्टेटमेंट ऑनलाइन काढा, शिक्का मिळणार नाही'. मग माणसाने करायचं काय? नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी तक्रार घ्यावी लागते. तसं म्हटल्यावर हवालदार म्हणाला, 'कायदा आम्हाला शिकवू नका.' उलट मलाच ऐकवलं, शिकलेले असून असे कसे फसता. चोराला कोणी काही बोलत नाही!

फॉरमॅट करायच्या आधी वायफाय आणि लॅनचा (केबलच्या नेटचा) ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, सर्चमधून जाऊ नका. ड्रायव्हर ओळखू येत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. त्यात ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. तो आयडी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये टाका. ड्रायव्हर अपडेटर नावाचं काहीही इन्स्टॉल करू नका. आणि ड्रायव्हरसाठी कोणीही फोनवर ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा.

पैसे गेलेच तर आधी १९३०, लगेच बँकेला लेखी, आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं नंतर कोणी मान्य करत नाही. माझ्याकडे पोच आहे. ३० दिवसांत बँकेने नीट उत्तर दिलं नाही तर तीच पोच जोडून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकणार आहे, अर्ज लिहून तयार ठेवलाय.