हळदीच्या धुळीत वर्षभर टिकलेल्या धोक्याच्या पाट्या

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा हळद पॉलिश करण्याचा व दळण्याचा कारखाना आहे. गेल्या वर्षी पॅनेल, मोटारी आणि आवारातील ट्रान्सफॉर्मर यांवरील धोक्याच्या सर्व पाट्या बदलण्याचे ठरवले आणि नव्या पाट्या सांगलीत गणपती पेठेतील विद्युत साहित्याच्या एका दुकानातून घेतल्या. एक पूर्ण हंगाम आणि एक पावसाळा पाहून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. पहिला म्हणजे पिवळ्या त्रिकोणात काळी वीज असलेला विनाईलचा स्टिकर, आणि दुसरा म्हणजे आयएस 2551 या भारतीय मानकाप्रमाणे केलेली लोखंडी पाटी, जिच्या पांढऱ्या इनॅमलवर लाल अक्षरे, कवटी व दोन हाडे असतात. स्टिकर स्वस्त होता आणि पिवळा रंग लांबून उठून दिसतो, म्हणून इतर कारखान्यांत तो उत्तम चालत असेल. आमच्याकडे मात्र पॉलिशच्या ड्रममधून उडणारी भुकटी आठवडाभरात भिंती, छताच्या कैच्या आणि पॅनेल एकाच रंगात रंगवते, आणि त्या पिवळ्यावर पिवळा त्रिकोण दोन पावलांवरूनही ओळखू येत नाही. लोखंडी पाटीवर धूळ बसली तरी खालचा लाल रंग जाणवतो आणि ओल्या फडक्याने एकदा पुसले की ती पूर्ववत होते. हळदीच्या कोणत्याही कारखान्यात मी हीच पाटी सुचवेन.

पहिल्या खेपेत आलेल्या पाट्यांवर मराठी अक्षर नव्हते. ‘डेंजर’ आणि ‘खतरा’ एवढेच होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार 250 व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या यंत्रणेवर कायमस्वरूपी लावायच्या पाटीत हिंदी किंवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याची स्थानिक भाषाही असावी लागते. ‘सगळीकडे हीच जाते,’ असे दुकानदार म्हणाले, पण आग्रह धरल्यावर ‘धोका’ लिहिलेल्या पाट्या त्यांनी आठ दिवसांत जादा पैसे न घेता बदलून दिल्या, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. आमच्याकडे जत भागातून येणाऱ्या काही कामगारांना कन्नडच वाचता येते आणि काहींना कोणतीच लिपी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी कवटी मोठी व स्पष्ट असणे अक्षरांपेक्षाही गरजेचे आहे, आणि या पाटीवर ती तशी आहे.

दोष सांगायचा तर तो जोडणीच्या सामानात आहे. पाटीसोबत नुसते स्क्रू दिले होते, वॉशर नव्हते. आमच्या वायरमनने ते घट्ट आवळताच दोन पाट्यांच्या कोपऱ्यांवरील इनॅमल उडाले आणि पावसाळ्यात नेमका तिथूनच गंज धरला. उरलेल्या पाट्यांना आम्ही नायलॉनचे वॉशर घातले. त्या आजही कोऱ्या दिसतात. पॅनेलच्या दारावर लावलेली पाटी दार उघडे राहिले की भिंतीकडे तोंड करून बसते, म्हणून आम्ही शेजारच्या भिंतीवर आणखी एक लावली.

ज्या पाटीची मला सर्वांत जास्त काळजी होती, ती या दुकानात मिळाली नाही. दुरुस्तीच्या वेळी बंद केलेल्या मेन स्विचवर अडकवायची ‘माणसे काम करीत आहेत, स्विच चालू करू नका’ ही पाटी त्यांच्याकडे ठेवतच नाहीत. कायमची पाटी पाहून पाहून नजरेला सवयीची होते. ही मात्र त्या तासापुरतीच लागते, आणि तेव्हा मोटारीत हात घालून बसलेल्या माणसाचा जीव दुसऱ्या टोकाच्या स्विचवर अवलंबून असतो. शेवटी ती आम्ही एका रंगाऱ्याकडून पत्र्यावर लिहून घेतली आणि तिच्यासोबत स्विचला कुलूप घालू लागलो. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. दुकानदारांनी पाटी आणि कुलूप यांचा संच ठेवायला सुरुवात केली, तर आमच्या दुसऱ्या शेडसाठी मी तो त्यांच्याकडूनच घेईन.