ताक, पन्हं की कोकम सरबत?

मुलांनो, खेळून घरी आलात, घसा कोरडा पडलाय आणि आजी विचारते, "काय देऊ प्यायला?" आपल्या देशात या प्रश्नाची उत्तरं गावागणिक बदलतात. बिहारमधला मुलगा भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, म्हणजे सत्तूचं सरबत मागेल. आंध्रात आणि तमिळनाडूत रामनवमीला गूळ, सुंठ, वेलची घातलेलं पानकम मिळेल. आपल्याकडे सहसा तिघांतून निवड करायची असते: ताक, पन्हं आणि कोकम सरबत.

तहान आत्ता लागली असेल तर ताकच करा. गॅस नको, सुरी नको. वाटीभर दही रवीने घुसळायचं, दोन-तीन वाट्या पाणी, मीठ आणि थोडी जिरेपूड घालायची. दह्यातले सूक्ष्म जीव दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, म्हणून ते आंबट लागतं. साखर घालावी लागत नाही, त्यामुळे रोज प्यायला या तिघांत हेच उत्तम. फक्त पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका. ताक कळकतं, आणि कळकलेलं ताक पोटाला बाधतं.

पन्ह्याला मात्र थांबायची तयारी हवी. कैऱ्या बाजारात आल्या की चैत्रात, हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर ते होतंच. कैरी कुकरमध्ये उकडायची (हे मोठ्यांचं काम), निवली की साल काढून गर हातानं कुस्करायचा. हे काम तुमचं, आणि मला विचाराल तर पन्ह्यातली खरी मजा इथेच आहे. बोटं बरबटतात, आंबट वासानं तोंडाला पाणी सुटतं. गर कोमट असतानाच किसलेला गूळ घाला, कारण गार गरात तो लवकर विरघळत नाही. किती घालायचा? कैरी चाखून ठरवा. फार आंबट असेल तर गराच्या दीडपट-दुप्पटही लागतो. मग वेलची, चिमूटभर मीठ, जमलं तर केशराच्या दोन काड्या. हा गर फ्रिजमध्ये ठेवला की हवं तेव्हा दोन-तीन चमचे काढून गार पाण्यात ढवळायचा. उत्तरेकडे यातच पुदिना आणि भाजलेलं जिरं घालतात. तेही एकदा करून बघा. पण गूळ भरपूर असतो, तेव्हा एकावर दुसरा ग्लास नको.

कोकम सरबताची तयारी आपल्या आधी कोकणानं करून ठेवलेली असते. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. त्यांच्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरण्या उन्हात ठेवतात आणि हळूहळू लालभडक पाक सुटतो, तो म्हणजे अमृत कोकम. थोडा पाक, पाणी, मीठ, जिरेपूड, की झालं सरबत. विकत आणताना बाटली नीट वाचा. 'आगळ' लिहिलं असेल तर तो खारवलेला रस असतो, गोड नसतो. त्यात नारळाचं दूध घालून सोलकढी करतात, ती जेवणाबरोबर. आणि एक गंमत: ग्लासाच्या तळाशी उरलेल्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फेस येईल, आंबटपणा गेला की लाल रंगही पालटेल. ते पिऊ मात्र नका.

उसाचा रस घरी होत नाही म्हणून तो या निवडीत नाही. घुंगरांच्या तालावर फिरणारा चरक बघत तो कधीतरी प्यावा, बिनबर्फाचा.

आता ठरवा. रोजच्या जेवणाला ताक. सुट्टीत मित्र घरी येणार असतील तर पन्हं, आदल्या दिवशी गर करून ठेवा. सहलीला बाटलीत न्यायचं असेल तर कोकम सरबत, कारण उन्हात ताक आणखी आंबत जातं.