टोपीक रोड मॉर्फ जी : पाय देऊन हवा भरायचा हातपंप

खिशात मावणाऱ्या मिनी पंपाच्या पाकिटावर १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण तिथवर पोचायला दंडात किती जोर लागेल ते कुठे लिहिलेलं नसतं. ५०-६० पर्यंत काम बरं चालतं. ७० च्या पुढे दांडा थरथरायला लागतो, हात भरून येतात आणि माणूस ‘चालेल आता’ म्हणून निघतो. पुढच्याच खड्ड्यात रिम बसते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. ही ट्यूब काट्याने गेलेली नसते, कमी हवेने गेलेली असते.

टोपीक कंपनीच्या रोड मॉर्फ जी या पंपाचा सगळा फायदा याच ठिकाणी आहे. बंद असताना तो साधारण ३५ सेंमी लांबीचा, फ्रेमला लावायचा पंप दिसतो. उघडला की खालून तारेचा पाय बाहेर येतो, वरची मूठ फिरून आडवी होते आणि बाजूची रबरी नळी सुटी होते. पाय जमिनीवर टेकवा, त्यावर बूट ठेवा आणि वरून अंगाचा भार द्या. २० मिमी व्यासाच्या दट्ट्याला ८० पीएसआयवर १७-१८ किलोंचा जोर लागतो. दोन हातांच्या मध्ये पंप धरून तो दर खेपेला लावणं अवघड, वाकून भार टाकला तर सहज. ७००×२८ चा, म्हणजे २८ मिमी रुंदीचा, टायर रिकाम्यापासून ८० पर्यंत न्यायला शंभराच्या आसपास दाब मारावे लागतात. छोट्या मिनी पंपाला तेवढ्यासाठी अडीचशे-तीनशे लागतात, आणि त्यातले शेवटचे पन्नास नकोसे होतात.

नळीचं महत्त्व याहून जास्त. बिननळीचा पंप थेट व्हॉल्व्हवर बसतो, त्यामुळे प्रत्येक दाबाबरोबर व्हॉल्व्ह डावी-उजवीकडे हलतो आणि शेवटी ट्यूबला जोडलेल्या ठिकाणी, म्हणजे बुडाशी, फाटतो. तिथे पॅच चिकटत नाही, ट्यूब टाकूनच द्यावी लागते. नळी असली की हा ताण व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

वापरताना थोडं लक्ष हवं. प्रेस्टाची, म्हणजे रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची, टोकाची बारीक नट सैल करा, एकदा बोटाने दाबून ‘फुस्स’ करून घ्या, म्हणजे चिकटलेला व्हॉल्व्ह मोकळा होतो. व्हॉल्व्ह चाकाच्या खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा, नळी ताणली जात नाही. तोंड सरळ आत बसवा आणि खटका लावा. काढताना आधी खटका सोडा, मग सरळ ओढा. तिरकं ओढलं तर प्रेस्टाची बारीक काडी वाकते. तोंडाच्या आत रबर आणि प्लॅस्टिकचा एकेक तुकडा असतो. प्रेस्टावरून श्रेडरवर, म्हणजे मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हवर यायचं तर टोपण काढून हे तुकडे उलटे बसवायचे. हे घरी करून ठेवा. अंधारात महामार्गाच्या कडेला तो रबर गवतात पडला तर सापडत नाही.

नावातला ‘जी’ म्हणजे गेज, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. तो नळीच्या बुडाशी आहे, लहान आहे, रेषा दाट आहेत. ८० आहे की ७० एवढं कळतं, ८० आहे की ७६ ते नाही. उपाय सोपा. घरी मोठ्या, डायलवाल्या फ्लोअर पंपाने टायर बरोबर ८० ला आणा, मग रोड मॉर्फ लावून आकडा कुठे थांबतो ते पाहून तिथे मार्करने खूण करा. साध्या काळ्या सायकलीच्या वालट्यूबवाल्या व्हॉल्व्हवर मात्र कोणताच गेज खरं सांगत नाही. रबर उघडायलाच जादा दाब लागतो, त्यामुळे आकडा टायरमधल्या हवेपेक्षा वरचा दिसतो.

आता किती हवा भरायची? बाजूला छापलेला ‘मॅक्स’ आकडा ही वरची मर्यादा आहे, शिफारस नाही. ७०-७५ किलोंच्या माणसाला २५ च्या टायरला ८०-९०, २८ ला ७०-८०, ३२ ला ५५-६५ आणि हायब्रिडच्या ३५-४० ला ४५-५५ पीएसआय पुरेसे होतात. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून पुढच्यात पाचेक पीएसआय कमी. सामान लादलं तर मागे वाढवा. हुकलेस रिम (टायर धरायला आतल्या कडेला आकडा नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कधीच जाऊ नका, तिथे टायर रिमवरून निसटू शकतो. उन्हाळ्यात २५ अंशांना भरलेले ८० पीएसआय ४५ अंशांना ८६ च्या आसपास जातात, एवढ्याने टायर फुटत नाही. उन्हाच्या भीतीने कमी हवा भरून निघणं जास्त महागात पडतं. अंगठ्याने दाबून पाहणं निरुपयोगी: ६० च्या वर सगळेच टायर दगड वाटतात. साधी ब्यूटिल (काळ्या रबराची) ट्यूबही आठवड्यात काही पीएसआय सोडतेच, म्हणून दर आठवड्याला पंप लावायचा.

पर्यायांबद्दल थोडक्यात. १६ ग्रॅमचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतूस २८ चा टायर काही सेकंदांत १०० च्या घरात नेतं, पण हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो आणि दुसरं पंक्चर झालं की हात रिकामे. लेझाइन कंपनीच्या मायक्रो फ्लोअर ड्राइव्ह पंपालाही पाय आणि नळी आहे, बनावट देखणी आहे. मात्र आटे असलेलं तोंड काढताना सुटा होणारा प्रेस्टा कोर, म्हणजे व्हॉल्व्हचा आतला भाग, सोबत निघून येऊ शकतो, म्हणून कोर आधी पान्याने घट्ट करून घ्यावा. बॅटरीचे छोटे पंप झकास चालतात, पण तोंड तापतं. प्लॅस्टिक व्हॉल्व्हच्या टीपीयू (पातळ, हलक्या प्लॅस्टिकच्या) ट्यूबला ते थेट लावू नका. पेट्रोल पंपावरची हवा श्रेडरसाठीच असते. पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ असेल तर अडचणीला कामी येते, इतकंच.

देखभालीत एकच गोष्ट चुकते. पावसाळ्यात फ्रेमवर लावलेल्या पंपात चिखलपाणी जातं आणि दट्ट्यावरचा ओ-रिंग (रबरी कडं) कोरडा पडतो. तपासायचं असं: तोंड अंगठ्याने गच्च बंद करा आणि मूठ दाबा. ती उसळून वर आली तर ठीक. हळूहळू खाली बसत गेली तर कुठून तरी गळतंय. मग पंपाच्या नळकांड्याचं वरचं झाकण उघडा, दट्ट्या बाहेर काढा, फडक्याने पुसा आणि ओ-रिंगला मुगाएवढं सिलिकॉन ग्रीस चोळा. गंज सोडवायचे स्प्रे किंवा चेनचं तेल नको, त्याने रबर फुगतो. तरी गळत असेल तर तोंडातला रबर झिजलाय, तो बदला.

उणिवाही आहेत. किंमत साध्या मिनी पंपाच्या मानाने चांगलीच जास्त. लहान फ्रेमवर ३५ सेंमी बसवायला जागा कमी पडते, कधी बाटली काढताना पंप आडवा येतो. ब्रॅकेटवर भरवसा ठेवू नका, वर एक वेल्क्रो पट्टी गुंडाळा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर पंप खडखडतो. माउंटन बाइकच्या २.१ इंची टायरला याच घराण्यातला, एका दाबात जास्त हवा ढकलणारा माउंटन मॉर्फ घ्या. पण २५ ते ४० चे टायर घेऊन २००-३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करणाऱ्याने, किंवा रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याने, हाच घ्यावा. सोबत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या) आणि बारीक चिमटा ठेवा. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरांच्या पोलादी तारा पडलेल्या असतात, त्या केसाएवढ्या बारीक असतात आणि बोटाने निघत नाहीत. टायरच्या आतून कापूस फिरवला की तो तारेला अडकतो आणि ती कुठे आहे ते कळतं. ती न काढता नवी ट्यूब घातली तर कितीही चांगला पंप असू दे, दहा मिनिटांत पुन्हा तीच जागा.