‘एल्डन रिंग’ घ्यावा का? विचारायला कोणी असेल तर जरूर घ्यावा

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममधल्या, सोन्याचे चिलखत घातलेल्या एका घोडेस्वाराने पहिल्या दोन रात्रींत मला १९ वेळा मारले. विसाव्यांदा त्याच्या अंगावर जाण्याआधी मी अशोक चौकात राहणाऱ्या मावसभावाला फोन लावला. त्याने सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “दादा, पण त्याला मारायला तुला सांगितलं कुणी?” प्रश्न बिनतोड होता. खेळ सुरू होऊन आपण उघड्यावर येतो तेव्हा समोरच्या वाटेवर तो घोडेस्वार फेऱ्या मारत असतो, म्हणून त्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याला वळसा घालून झाडीतून निघून जायचे असते आणि अंगात पुरेसे बळ आल्यावर जुने उसने फेडायला परत यायचे असते. खेळ हे तोंडाने कुठेही सांगत नाही. मार खाऊन समजावे, अशी त्याची अपेक्षा असते, आणि माझ्यासारख्या हट्टी माणसाला ते १९ वेळा मार खाऊनही समजत नाही.

‘एल्डन रिंग’ हा जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा आणि हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला गेम २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बाजारात आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. त्याची भव्यता, संगीत आणि चित्रण यांविषयी भरपूर लिहून झालेले आहे, ते पुन्हा उगाळत नाही. सोलापुरात बसून, नोकरी सांभाळून, रात्री दोन तास खेळणाऱ्या माणसाने तो घ्यावा की नाही, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. माझे मत असे आहे की हा खेळ एकट्याने खेळायचा असला, तरी एकट्याच्या अकलेवर तो पार पडावा अशी त्याची घडणच नाही. त्यामुळे तो विकत घेताना कन्सोलबरोबर आपल्याजवळ दोन जाणकार मित्रही आहेत ना, हे पाहून घ्यावे.

सल्ल्याची ही सोय खेळाच्या आतही केलेली आहे. इंटरनेट चालू असेल तर इतर खेळाडूंनी सोडलेले निरोप जमिनीवर चमकताना दिसतात. हे निरोप मनाला येईल तसे लिहिता येत नाहीत. ठरावीक शब्द आणि ठरावीक वाक्ये यांची जोडणी करूनच ते तयार करावे लागतात, त्यामुळे कोणी कितीही बोलका असला तरी त्याला चार शब्दांत आटपावे लागते. एखाद्याला आपला निरोप उपयोगी वाटून त्याने तशी पसंती दिली, तर आपण त्या क्षणी जिथे असू तिथे आपले रक्त, म्हणजे खेळातली जीवनशक्ती, भरून येते. सल्ला देणाऱ्याला इतका रोख मोबदला मिळाल्याचे मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही. याशिवाय जमिनीवरच्या रक्ताच्या डागाला हात लावला की त्या जागी मेलेल्या खेळाडूचे शेवटचे काही क्षण लाल सावलीच्या रूपात दिसतात. एका अरुंद पुलावर असे सात-आठ डाग एकाच ठिकाणी दिसल्यावर तिथे धावत जायचे नाही, एवढे कोणालाही उमगते.

अर्थात चेष्टा करणारेही तिथे असतातच. कड्याच्या टोकावर ‘उडी मारून पाहा’ आणि भक्कम भिंतीसमोर ‘पुढे गुप्त वाट आहे’ असे निरोप ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशाच एका उडीत मी सुमारे ९००० रून घालवले. रून म्हणजे या खेळातला पैसा आणि अनुभव दोन्ही. मेल्यावर ते मेल्या जागी पडून राहतात आणि परत आणायला जाताना पुन्हा मेलो तर कायमचे जातात. त्यानंतर मी एक साधा नियम केला, की उडी मारायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि सावध राहायला सांगणाऱ्याचे ऐकायचे.

आमची मंडळी रविवारी सकाळी सात रस्त्याजवळच्या चहाच्या टपरीवर जमतात. तिथे कोणी काय सांगावे आणि किती सांगावे, यावरून खरोखरच भांडणे होतात. किल्ल्याच्या दारात उभा असलेला मार्गिट नावाचा बलाढ्य शत्रू हा त्यांतला कायमचा विषय. खेळातली सोनेरी मार्गदर्शक रेघ आपल्याला थेट त्याच्यापुढे नेऊन सोडते, तीही आपली तयारी अर्धवट असताना. तो हातातली लांब काठी वर उचलतो आणि तशीच हवेत धरून ठेवतो. उचललेली काठी पाहून घाव चुकवायला आपण घाईने लोळण घेतो, लोळण संपवून उभे राहतो, आणि नेमकी तेव्हा काठी खाली येते. माझे लहानपण यंत्रमागांच्या आवाजात गेले आहे, त्यामुळे एकदा ठेका कानात बसला की हात आपोआप चालतात. मार्गिट मात्र ठेका मोडण्यासाठीच जन्माला आलेला गडी आहे. याचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले होते आणि पाहताना सगळे कळतही होते. जमले मात्र तेव्हाच, जेव्हा एका मित्राने घरी येऊन, माझ्या शेजारी बसून, बटणावरचा माझा अंगठा दोन बोटांनी उचलून धरला. “काठीकडं बघू नको बे, खांद्याकडं बघ. खांदा हलल्याशिवाय दाबायचं नाही.” चौथ्या प्रयत्नात मार्गिट पडला.

याच मार्गिटसाठी एक बेडी मिळते. मर्कवॉटर गुहेतला पॅचेस नावाचा लबाड इसम अर्धमेला झाल्यावर शरण येतो. तेव्हा त्याला जीवदान दिले तर तो तिथेच दुकान मांडतो आणि ही बेडी ५००० रूनला विकतो. तिने मार्गिट काही क्षण जमिनीला खिळून राहतो. ही वस्तू वापरणे म्हणजे फसवणूक आहे, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. खेळ बनवणाऱ्यांनीच ती ठेवली आहे, तर वापरायला लाज कसली?

त्याउलट, मावसभावाने एक गोष्ट मला मुद्दाम सांगितली नव्हती आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. सुरुवातीच्या तळ्याकाठच्या पडक्या अवशेषांच्या तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर येतो आणि आपण एकदम केलिड नावाच्या भयानक प्रदेशातल्या एका खाणीत जाऊन पडतो. तिथले प्राणी आपल्याला एका फटक्यात संपवतात आणि खाणीतून बाहेर पडेपर्यंत नकाशावरून दुसरीकडे जाण्याची सोयही मिळत नाही. रात्री साडेबाराच्या सुमारास मी त्या खाणीतून भिंतीला चिकटून, कोणाची चाहूल लागू न देता, बाहेर आलो आणि वरचे रक्तासारखे लाल आभाळ पाहून कंट्रोलर खाली ठेवला. हे कोणी आधी सांगितले असते, तर माझी रात्र वाचली असती आणि खेळ फुकट गेला असता.

जे आधीच सांगायला हवे, ते मात्र लपवून ठेवण्यात काही मोठेपणा नाही. नवीन खेळाडू ताकद वाढवण्यात रून घालतो आणि व्हिगर, म्हणजे रक्ताची पट्टी लांब करणारा गुण, तसाच सोडून देतो. आमच्या टपरीवर यावर एकमत आहे की सुरुवातीला व्हिगर २० पर्यंत आणि खेळाच्या मध्यावर ४० पर्यंत न्यावा. अंगावरच्या सामानाचे वजन पेलण्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवावे, नाहीतर लोळण पिठाच्या पोत्यासारखी पडते. हत्याराला धार लावणारे दगड खाणींमध्ये मिळतात आणि सुरुवातीच्या काळात त्यांचा उपयोग स्वतःची पातळी वाढवण्याहून जास्त होतो. मार्गिट आवरत नसेल तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला नावाच्या प्रदेशात जाऊन यावे, तो भाग नवख्यासाठीच आहे. आणि घोडा मिळाल्यावर रात्रीच्या वेळी एलेहच्या चर्चमध्ये एक फेरी मारावी. तिथे एक स्त्री मदतीला आत्मे बोलावण्याची घंटा देते. मला हे कळले नाही आणि ३० तास मी त्या घंटेवाचून लढलो. पुढे ती राउंडटेबल होल्ड या खेळातल्या आसऱ्याच्या जागी विकत मिळते, हेही मला टपरीवरच समजले.

खेळात हिंदी किंवा मराठी नाही, ही माझी खरी तक्रार आहे. त्यातली इंग्रजी जुन्या, वळणदार धाटणीची आहे आणि पात्रे सरळ काही बोलत नाहीत. माझ्या शेजारचा बारावीतला मुलगा बोटांनी माझ्यापेक्षा दसपट चपळ आहे, पण कोणते पात्र कुठे जा म्हणते आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो वाचायला मला बोलावतो आणि मी लढायला त्याला बोलावतो. आमच्याकडे त्या घोडेस्वाराला ‘पिवळ्या’ म्हणतात आणि मडक्यासारख्या देहाच्या अलेक्झांडरला ‘रांजण’. नवख्यालाही हीच नावे लवकर लक्षात राहतात.

आता खरेदीविषयी. कॉम्प्युटरवर खेळणार असाल तर किमान १२ जीबी रॅम, ३ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६० जीबी मोकळी जागा लागते. त्याहून कमी असेल तर हौसेने पैसे घालवू नयेत. प्लेस्टेशन ५ (पीएस५) कन्सोल असेल आणि चलनवलन सुरळीत हवे असेल, तर त्यावर पीएस४ची आवृत्ती चालवावी, ती सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) जवळ अधिक स्थिर राहते. मी जुनी डिस्क १८०० रुपयांना घेतली. डिस्कचा फायदा हा की खेळून झाल्यावर ती विकता किंवा अदलाबदलीत देता येते. मात्र ज्या दुकानातून ती घेतली, तिथे ‘यात पुढचा भागही आहे’ असे ठासून सांगण्यात आले होते आणि घरी आल्यावर तो नव्हता. डिस्कच्या डबीवर काय छापले आहे ते दुकानातच वाचावे. २१ जून २०२४ रोजी आलेला ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा तो जोडभाग वेगळा विकत घ्यावा लागतो आणि मूळ खेळातल्या राडान आणि मोह्ग या दोघा बलाढ्य शत्रूंना हरवल्याशिवाय त्यात पाऊलही टाकता येत नाही, तेव्हा त्याची घाई करण्याचे कारण नाही.

खेळ थांबवण्याचे साधे बटण नाही. आईने हाक मारली किंवा दार वाजले, तर मेन्यूतल्या मदतीच्या भागात जाऊन मेन्यूची माहिती देणारे पान उघडावे, तेवढ्यापुरता खेळ थांबतो. ही युक्ती मला दोन महिन्यांनी कळली. वीज गेली तर फारसे बिघडत नाही, कारण खेळ सतत आपोआप जतन होत असतो. पुन्हा सुरू केल्यावर ‘मागच्या वेळी नीट बंद केला नव्हता’ अशी समज तेवढी मिळते, जणू काही मे महिन्यात सोलापूरची वीज माझ्या हातात आहे.

विचारायला कोणीच नसेल आणि असा खेळ पहिल्यांदाच खेळणार असाल, तर ‘एल्डन रिंग’पासून सुरुवात करू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मध्ये आलेला ‘राजी’ छोटा आहे, आपल्या मातीतला आहे आणि चार-सहा रात्रींत संपतो. मशीन जुने असेल तर २०१७ चा ‘हॉलो नाइट’ त्यावर निवांत चालतो आणि हरवण्या-सापडण्याची गोडी तोही लावतो. तरीही ‘एल्डन रिंग’च हवा असेल, तर रविवारी साडेनऊपर्यंत आम्ही टपरीवर असतो. पेटीबद्दल मात्र विचारू नये.